बॅग जड दिसायला हवी

शारजा, १२ ऑक्टोबर २००८

ती. प्रमिलावन्संना,
कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून का होईना, माझी पत्र लिहायची सवय टिकली आहे. चकल्या पोचल्या. इथे घरी पोस्टमन येत नाही, सगळं टपाल ह्यांच्या ऑफिसच्या पोस्टबॉक्समध्ये पडतं, त्यामुळे डबा माझ्या हाती आला तेव्हा अर्धा रिकामा होता. तुमच्या भावाने वाटेतच जकात वसूल केली.

आता बातमी. तुमचा भाऊ सिनेमात काम करतोय. हसू नका! ह्यांच्या ऑफिसात रॉडेल नावाचा फिलिपिनो ड्राफ्ट्समन आहे. त्यांच्याकडे मनिलात नाताळात मोठा चित्रपट महोत्सव असतो. थिएटरांत त्यांचेच सिनेमे, नटनट्यांची मिरवणूक, बक्षिसं, सगळा थाट. इथे नोकरीला आलेल्या मंडळींनी त्याची धाकटी आवृत्ती काढली आहे. दर डिसेंबरात एका शाळेच्या हॉलमध्ये आपापल्या हँडीकॅमवर काढलेल्या फिल्मा दाखवतात. नर्सा, सेल्सगर्ल सगळ्या नटूनथटून येतात आणि बक्षीस मिळालं की खरंखुरं रडतात. रॉडेलला यंदा एक खडूस इंडियन मॅनेजर हवा होता. दिवसभर यल्ला यल्ला, म्हणजे चला आटपा, करून माणसांवर खेकसायचं, एवढंच काम. ह्यांना त्याची वेगळी तालीम कशाला हवी?

केया नववीत गेल्यापासून मराठीत उत्तर देत नाही. बाबा इज सो ओव्हरॲक्टिंग, असा तिचा निकाल आहे. पेपरात अमेरिकेतल्या बँकांचं रोज काहीतरी असतं, पण ह्यांची जबल अलीची साइट जोरात चालू आहे. तुम्ही काळजी करू नका.

लोभ आहेच, चकल्यांसारखा तोही वाटेत कमी न व्हावा.

तुमची,
कुंदा


पुणे, ३ नोव्हेंबर २००८

चि. सौ. कुंदास,
प्रमिलेचे अनेक उत्तम आशीर्वाद.

उल्हास आणि नट? चौथीत असताना स्नेहसंमेलनात त्याला प्रधान केला होता. महाराजांना खोटी बातमी सांगायची होती, तर तोंड उघडायच्या आतच ह्याचे कान लाल. सगळं सभागृह हसलं. घरातही तसंच. बरणीतला लाडू कोणी खाल्ला हे आई विचारत नसे, नुसती त्याच्या कानांकडे बघत असे. तेव्हा तूही कानांकडे लक्ष ठेव, संसारात उपयोगी पडतं.

तिकडची बांधकामं थांबली असं तुझा भाचा वेदांग कॉम्प्युटरवर वाचून सांगतो. खरं काय ते कळव. थंडी पडली, गुडघे बोलू लागले आहेत.

केयाला पापा. माया आहे तशीच धरून ठेवा.

प्रमिला


शारजा, ५ डिसेंबर २००८

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

वेदांगने वाचलं ते खरं आहे. खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन महिनाभर एकाच दिशेला तोंड करून उभ्या आहेत. आमच्या मजल्यावरची दोन बिऱ्हाडं न सांगता गेली. नातूर, म्हणजे आमच्या इमारतीचा राखणदार अन्वर, सांगत होता की लोक विमानतळावर गाड्या टाकून जातात, किल्ली आतच ठेवून. ह्यांच्या कंपनीचा मालकही बाहेरदेशी गेलाय. इन्शाल्ला परत येईल, असं हे म्हणतात. मी जास्त विचारलं तर खलास म्हणून विषय मिटवतात. मला भीती वाटते वन्सं, पण कशाची ते सांगता येत नाही.

त्यातल्या त्यात सिनेमाच बरा चाललाय. आता गोष्टच बदलली आहे. ओरडणारा मॅनेजर शेवटी गाडी विमानतळावर सोडून गुपचूप निघून जातो. हा शेवट ह्यांनीच सुचवला. रॉडेल खूश, म्हणे बक्षीस आपलंच! तालमीसाठी हे दोनदा विमानतळाच्या पार्किंगमध्ये जाऊन चालूनही आले. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असतो, तोही शूटिंगसाठी मागून आणलाय. बॅग मीच भरली. मी आधी उशा कोंबल्या होत्या, पण हे म्हणाले की खोटी बॅग उचलताना कळते, बॅग जड दिसायला हवी. मग खरे कपडे भरले. तुम्ही विणलेला राखाडी स्वेटर त्यांनी स्वतःच वर ठेवला.

आणि एक गंमत. सिनेमात ते बायकोला फोनवर थाप मारतात, साइटवरून परस्पर येतो म्हणून. माझ्यासमोर तालीम केली. कान अजिबात लाल झाले नाहीत! तुमच्या आईंचा उपाय आता चालायचा नाही.

महोत्सव सव्वीसला, शुक्रवारी आहे. लोभाची ऊब इथवर पोचू द्या.

कुंदा


पुणे, १५ डिसेंबर २००८

चि. कुंदास आशीर्वाद.

हे पत्र मिळताच एक कर. ती बॅग उपस आणि कपडे कपाटात ठेव. सिनेमात बॅग उघडून कोण बघतं? आणि शारजात स्वेटर कोण घालतं? उल्हासने परवा वेदांगला फोन करून विचारलं, वरची खोली रिकामी आहे का, एका मित्राला हवी आहे. आईला सांगू नकोस असंही त्याला बजावलं. वेदांगने सांगितलं तशी लगेच लिहायला बसले, फोन उल्हासनेच उचलला तर?

माझं चुकत असेल तर मला म्हातारी म्हणून हस. पण त्याला समोर बसवून विचार.

प्रमिला


शारजा, ३० डिसेंबर २००८

ती. वन्संना,
नमस्कार.

तुमचा भाऊ तुमच्याकडे पोचला असेल.

शुक्रवारी सकाळी ते जबल अलीला गेले. संध्याकाळी साइटवरून परस्पर हॉलवर येतो म्हणाले. अगदी सिनेमातलंच वाक्य, त्याच आवाजात. मी त्यांना डबा दिला.

हॉल खच्चून भरला होता. फिल्मच्या शेवटी ते गाडीतून उतरले, किल्ली सीटवर ठेवली, बॅग उचलली आणि मागे न बघता चालत गेले. बॅग खरंच जड दिसत होती. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. वन्सं, मीसुद्धा वाजवल्या. सहायक अभिनेत्याचं बक्षीस त्यांना जाहीर झालं. ते आले नव्हते, म्हणून मी स्टेजवर गेले आणि हसून फोटो काढून घेतला. खाली उतरल्यावर रॉडेलला सहज विचारलं की बॅग कधी परत देणार. तो गोंधळला. शूटिंग संपून दोन आठवडे झाले, बॅग सर त्याच दिवशी गाडीत घेऊन गेले, असं म्हणाला. मालक पळाल्यावर कंपनीच्या सगळ्या कागदांवर सही सरांचीच उरली होती आणि पोलीस सही करणाऱ्याला धरतात, हेही त्यानेच सांगितलं. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून.

अन्वर आणि मी विमानतळावर गेलो. गाडी तिथेच होती, किल्ली सीटवर. शेजारी तुमचं पंधरा तारखेचं पत्र होतं, फोडलेलं. पोस्टबॉक्समधून त्यांनी आणलं, वाचलं आणि मग गेले.

दारावर रोज पैसे मागणारी माणसं येतात. माझा आणि केयाचा व्हिसा त्यांच्या नावावर आहे. केया परवा मराठीत बोलली. बाबा कधी येणार, असं विचारलं.

एवढंच करा. आम्हाला बोलावून घेणार का, असं त्यांना विचारा आणि कानांकडे बघा.

कुंदा


पुणे, १५ जानेवारी २००९

चि. कुंदास,

हे पत्र वेदांगच्या हाती देते आहे, पोस्टबॉक्सला नको. तो तुम्हा दोघींना घेऊनच परत येईल. सामानाचं बघू नकोस, पासपोर्ट तेवढे उशाशी ठेव.

उल्हास सत्तावीसला आला, माझा स्वेटर घालून. मी त्याला जेवायला वाढलं, कारण तो माझा भाऊ आहे, आणि ह्याची मला लाज वाटते. तुझं पत्र आल्यावर विचारलं. दोन महिन्यांत नोकरी शोधतो आणि दोघींना आणतो म्हणाला. मी दिवा लावून जवळून बघितलं. कान लाल झाले नाहीत.

मला बरं वाटलं. एक रात्र झोप लागली.

काल सकाळी तो मुंबईला मुलाखतीला म्हणून निघाला, संध्याकाळी परततो म्हणाला. मीच डबा दिला आणि दारापर्यंत बॅगही मीच उचलली.

जड होती, कुंदा.

तुमची वाट बघणारी,
प्रमिला