मधला कप्पा

२१ डिसेंबर, शनिवार

पोचलो एकदाचा. सोलापूरहून लोहाऱ्यापर्यंत एसटी, पुढं जीप. जीपमध्ये माझ्या मांडीवर फायबर चिकटवायच्या रेझिनचा डबा आणि डब्यावर कुणाची तरी कोंबडी. पण वाडी बघून सगळा शीण गेला. धरणाचं पाणी थेट गावाच्या पायरीला लागलंय. मला बोलावणारे राजशेखर शेतकरी आहेत. निम्म्या वाडीची शेतं पाण्यापलीकडं राहिलीत, सडकेनं जायचं तर चोवीस किलोमीटरचा वळसा. म्हणून सगळ्यांनी मिळून फायबरची जुनी होडी आणली. तीस तारखेला वेळ अमावस्या. त्या दिवशी बायकापोरं, आंबिलाची मडकी, भज्जी, उंडे, सगळं घेऊन वाडी पलीकडच्या शेतात जाते, कडब्याच्या कोपीत पूजा करते आणि तिथंच जेवते. तोवर होडी दुरुस्त करून द्यायचीय.

राजशेखरच्या आईला सगळे शांताक्का म्हणतात. आल्याआल्या त्यांनी दोन भाकरी वाढल्या आणि म्हणाल्या, "लई वाळलाव की वो मिस्त्री." माझं हे पोट बघूनसुद्धा बाई असं म्हणते, म्हणजे मायाळूच असणार. तिसरी भाकरी मी मागून घेतली.

होडी पायरीशेजारी ठोकळ्यांवर चढवलीय, ताजा निळा रंग मारलेली. सहा जणांनी रेटली तरी हलेना. पोटात पाणी आहे तिच्या. उद्या बघतो.

२२ डिसेंबर, रविवार

राजशेखरना समजावून सांगितलं. फायबरच्या होडीला दोन तळ असतात, खालचा पाण्यातला आणि वरचा आपण पाय ठेवतो तो. मधल्या पोकळीत तीन कप्पे करून पिवळा फोम भरतात, म्हणजे उलटली तरी ती बुडत नाही. पण चिरेतून वर्षानुवर्षं पाणी झिरपलं की फोम ते सोडत नाही. मग जो तारायला ठेवलेला तोच ओझं होतो. उपाय एकच. वरचा तळ कापायचा, ओला फोम खरवडून काढायचा, आत कोरडं करून नवा भरायचा.

पुढचा आणि मागचा कप्पा आज रिकामा केला. फोम खडकावर वाळत टाकलाय. आंघोळीला गरम पाणी मिळालं, आणखी काय पाहिजे?

२३ डिसेंबर, सोमवार

मधल्या कप्प्यावरचा रंग खरवडला आणि हात थांबला. निळ्याखाली हिरवा रंग, हिरव्याखाली पाटाएवढं ठिगळ. ठिगळाच्या कडेला रेझिनमध्ये अंगठ्याचा ठसा आणि त्यात जुन्या कापल्याची आडवी रेघ. ती रेघ माझ्या डाव्या अंगठ्यावर आहे. ही तीच होडी.

वहीत तरी खरं लिहितो. दोन वर्षांपूर्वी ईट गावाच्या बाजूला एका तळ्यावर ही मीच दुरुस्त केली होती. मधला फोम ओला होता. तो काढायला चार दिवस लागले असते आणि मला मेव्हण्याच्या लग्नाला जायचं होतं. वरून ठिगळ मारलं आणि मालकाला म्हणालो, कोरडी ठणठणीत आहे. पंधरा दिवसांत होडी उलटली आणि दगडासारखी खाली गेली. आठ जण पोहून निघाले. शिवानी नावाची अंगणवाडीताई निघाली नाही. होडी नंतर वर काढली, ती सापडलीच नाही. पेपरात आलं की गर्दी जास्त झाली होती. मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

रात्रीचं जेवण नको म्हणालो. शांताक्कांनी तरी ताट झाकून ठेवलंय.

२४ डिसेंबर, मंगळवार

खडकावरचा फोम दोन दिवसांच्या कडक उन्हात जराही वाळला नाही. अंगठ्यानं दाबला तर पाणी आलं. कोमट.

मधला कप्पा उघडला. तीन पोती फोम मावेल एवढीच जागा. सात पोती काढलीत, अजून आहेच. खोकला लागलाय. थुंकीत पिवळा चुरा येतो. फोमची धूळ असेल. पण ओल्या फोमला धूळ कसली?

२५ डिसेंबर, बुधवार

फोमच्या आत पोकळी लागली. मांडी घालून बसलेल्या बाईच्या आकाराची. दोन गुडघे, टेकलेली पाठ, पाठीवर वेणीचा ठसा. पेडसुद्धा मोजता येतील.

दुपारी शांताक्कांशी इकडचं तिकडचं बोलताना विचारलं, तुमच्यात माणूस गेल्यावर काय करतात. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आमच्यात आडवं न्हाय निजवत, बाबा. मांडी घालून, बसवून पुरतेत. बसल्याबिगर त्येला इसावा न्हाय."

शिवानीचे लोकही त्यांच्यातलेच होते. त्यांच्या हाती बसवायला काही आलं नाही. ती बसलीय, मी बंद केलेल्या जागेत.

२६ डिसेंबर, गुरुवार

राहिलेला फोम काढायचा तर ती पाठ हातानं फोडायला हवी. सकाळी धीर करून हात घातला. ऊब होती. आणि त्या पाठीनं श्वास घेतला. माझ्या तळहाताखाली फुगली, बसली, पुन्हा फुगली.

पळालो. पायरीवर बसून रडलो. तिची क्षमा मागायची सोडून मी दुपारी काय केलं? वर फायबर चिकटवलं. कप्पा बंद. पुन्हा.

२७ डिसेंबर, शुक्रवार

राजशेखरनी विचारलं, "आत वल न्हाय ना राहिली, मिस्त्री?"

म्हणालो, कोरडी ठणठणीत आहे.

तेच शब्द. जीभ अडखळलीसुद्धा नाही. त्यांनी टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. शांताक्कांनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, खोकला जावा म्हणून. मला माझीच किळस येते.

२९ डिसेंबर, रविवार

होडी पाण्यात सोडली. मधे दबलेली दिसते. फक्त मला.

आवाज गेला. आलं-गूळ झाला, काढा झाला. खोकल्यातून आता चुरा नाही, तुकडे येतात. पिवळे, ओले.

अंगणात मडकी ओळीनं मांडलीत. शांताक्का म्हणाल्या की ज्यानं होडीला हात लावला त्यानं पहिल्या खेपेला बसायचं, तुम्ही माझ्याशेजारी बसा. सांगायला चारदा त्यांच्यापुढं गेलो. आवाज नव्हता, पण कागदावर लिहून राजशेखरच्या हाती देता आलं असतं. दिलं नाही. त्यांनी माझ्याकडं कसं बघितलं असतं, एवढीच भीती.

३० डिसेंबर, सोमवार. उजाडल्यावर

एकटाच होडी घेऊन मधोमध आलोय. बुडवतो आणि पोहत परत जातो. होडी नाही तर खेप नाही, खेप नाही तर कुणी मरणार नाही. तोंड उघडण्यापेक्षा हे सोपं.

तळाचं बूच काढलं.

पाणी घोट्यापर्यंत आलं, थांबलं. पहारेनं दोन भोकं पाडली. तरी बुडत नाही. तेव्हा बुडालीस, आज बुड ना, बाई—

वारा नाही. मी वल्हवत नाही. होडी वाडीकडं चाललीय.

पायाखाली वरचा तळ फुगतो, बसतो. फुगतो. माझे पाय चिकटलेत, उचलत नाहीत—

पाणी गेलं कुठं? सगळा तळ कोरडा झाला.

पायरीवर सगळे उभे आहेत. डोक्यावर मडकी. पोरं टाळ्या वाजवतायत. त्यांना वाटतंय मी त्यांच्यासाठीच होडी आणतोय. ओरडतो तर तोंडातून फोम— घशापर्यंत—

मोठ्या अक्षरांत लिहून वही वर धरतो. राजशेखर वाचतील.

बसू नका

राजशेखर वाकून दोर बांधतायत. वर बघा— वर बघा ना—

बसू नका

शांताक्का पुढं आल्या. त्यांना वाचता येत नाही. मला हात देतायत. त्यांचा पाय होडीच्या काठावर—

अक्का बसू नका आत ओलं आहे मी खोटं बो