भरिताची पत्रकार परिषद

जळगाव, गुरुवार

तीर्थस्वरूप सुपडूनाना यांच्या चरणी पुतण्या ललितचा जळगावहून साष्टांग दंडवत.

आपण, काकू आणि माणूस दिसला की शिंगं रोखणारी आपली म्हैस, सगळी पहूरला खुशाल असाल. गुडघ्याला तेल चोळणं सोडू नये. मी ठीक आहे, फक्त पाणी फार कमी पितो म्हणून डॉक्टर रागावले. (का कमी पितो ते ओघात येईल.)

आपल्या कोकिळाच्या लग्नात तुम्ही भर पंगतीत विचारलंत, ललित, तू नेमकं करतोस तरी काय? तेव्हा तोंडात जिलबी होती म्हणून मी बोललो नाही असं सगळ्यांना वाटलं. खरं म्हणजे मला उत्तर येत नव्हतं. मी एका मानवाधिकार संघटनेत संवाद प्रमुख आहे. प्रमुख म्हणजे माझ्या हाताखाली एक टेबल आणि एक पंखा आहे, पैकी पंखा ऐकत नाही. कुणावर अन्याय झाला की तो मी जगाला अशा भाषेत सांगतो की ज्याच्यावर झाला त्यालाही कळू नये. तुम्ही मात्र गावभर सांगितलंत की आपला ललित पोलिसांच्या वरचा साहेब आहे. त्यावर विसंबून आपल्या नवलने मोटारसायकलच्या नंबरप्लेटवर लाल अक्षरांत ‘मानवाधिकार’ रंगवून घेतलं आणि हवालदाराने धरल्यावर माझा फोन जोडून दिला. मी हवालदाराशी मानवी प्रतिष्ठेवर सविस्तर बोललो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नंबरप्लेटच्या दंडात हेल्मेटचाही दंड मिळवला.

असो. तुम्ही पाठवलेल्या वांग्यांचं काय झालं, ते सांगतो. धुळे रस्त्याला छगनशेटचं जिन आहे, कापसातून सरकी काढायचं. तिथे कापूस निवडायला बाया असतात. त्यांच्या संडासाला कुलूप, चावी मुनिमाच्या खिशात, आणि मुनीम असा की चावी मागितली की चारचौघांत विचारणार, आत्ताच तर गेली होतीस ना? बाया लाजेनं सकाळपासून पाण्याचा घोटच घेत नाहीत. त्यांच्यातली थोरली सुंदरबाई एक दिवस कापसाच्या ढिगावर चक्कर येऊन पडली आणि दवाखान्यात कळलं की पाणी न पिऊन मूत्रपिंडाला सूज आली आहे. मला फार वाईट वाटलं, नाना. आणि मला वाईट वाटलं की मी पत्रक लिहितो. त्यात मी ‘स्वच्छतासुविधांच्या प्रवेशास संरचनात्मक नकार’ असं लिहिलं आणि कौतुकाने सुंदरबाईला वाचून दाखवलं. तिने डोक्यावर पदर घेऊन पोथी ऐकावी तसं ऐकलं आणि शेवटी हात जोडले.

त्या पत्रकावर पत्रकार परिषद घेतली. एकच गृहस्थ आले. ते शेजारच्या हॉलमधला खतविक्रेत्यांचा मेळावा शोधत होते, चहा घेऊन गेले. आमच्या संचालक कामिनीताईंनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्या भीतीपोटी मला कल्पना सुचली की थंडी पडली आहे, नानांच्या मळ्यात वांगी आहेत, भरीत करावं. आमंत्रणात अन्याय वर आणि भरीत-पुरी खाली लिहिली. लोकांनी खालून वर वाचलं असावं, कारण झाडून सगळे पत्रकार आले, काही सहकुटुंब. कपाशीच्या वाळक्या काट्यांवर वांगी भाजली, लाकडी बडजीत मुसळाने ठेचली, लसणाचा वास रस्त्यापर्यंत गेला. आधी बायांनी बोलायचं ठरलं होतं. पण माईक माझ्या हातात होता. मी प्रास्ताविक सुरू केलं आणि ते संपायच्या आत पुऱ्या कढईतून बाहेर आल्या. सुंदरबाई बोलायला उभी राहिली तेव्हा समोर खुर्च्याच होत्या. ती पुऱ्या लाटायला बसली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘मानवाधिकारतर्फे भरीत पार्टी उत्साहात’. फोटोत मी मिरची लागून डोळे पुसतोय. (खाली ‘भावुक झालेले संवाद प्रमुख’ असं छापलंय. तुमच्या वांग्यांचा मात्र नावानिशी उल्लेख आहे, कात्रण सोबत जोडलंय.)

आणि दुपारी छगनशेटचा फोन. मला वाटलं, आता धमकी. पण शेट पार हिरमुसले होते. म्हणाले, “बठ्ठा गावले बलावं, आनि मालेच नही?”

आपल्याकडे माणूस एकवेळ आरोप विसरेल, भरिताचं बोलावणं चुकलेलं विसरत नाही. मी कामिनीताईंना न विचारताच माफी मागितली. शेट म्हणाले, मग पुन्हा करा, माझ्या जिनच्या आवारात, आणि आमच्या घरचेही येतील. कामिनीताई कपाळाला हात लावून बसल्या. सुंदरबाई मात्र म्हणाली, करू की, मिरच्या मी आणते.

मिरच्या तिने आणल्या. नाना, ते भरीत खाऊन शेटच्या कानातून धूर निघायचा बाकी होता. जो तो पाण्याच्या जारकडे धावला. शेटच्या घरच्या बायकांनी तांब्यावर तांबे रिचवले. मग थोड्या वेळाने शेटाणीबाई अस्वस्थ झाल्या. उठल्या, संडासाकडे गेल्या, दाराला कुलूप. मुनीम चावी खिशात घालून चोपड्याला भाच्याच्या साखरपुड्याला गेलेला. शेटाणीबाईंनी घाबरून सुंदरबाईला विचारलं, मग तुम्ही बाया इथे करता तरी काय?

सुंदरबाई पुरी लाटता लाटता म्हणाली, “बाई, आम्ही आठे पानी पेतसच नही.”

एवढंच. शेटाणीबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं. शेट हातातली पुरी टाकून उठले आणि भरीत ठेचायच्या लाकडी मुसळाने त्यांनी स्वतः ते कुलूप फोडलं. त्या दाराला पुन्हा कुलूप बसलं नाही. मी त्या वेळी माईकची वायर शोधत होतो.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, म्हशीला लांबूनच.

आपला,
ललित

ता. क. दिल्लीच्या ऑफिसने या प्रकाराला ‘आदर्श जनसंवाद’ म्हटलंय आणि तो मी धुळ्यात इतरांना शिकवायचा आहे. तरी आणखी वांगी पाठवावीत.

ता. क. खरं तर हे लिहायलाच बसलो होतो. आमचं ऑफिस तुमचे व्याही प्रेमराजआबा यांच्या जागेत भाड्याने आहे. कुणीतरी नळ उघडा ठेवला म्हणून आबांनी जिन्याखालच्या संडासाला कुलूप घातलंय आणि चावी करदोट्याला बांधलीय. कामिनीताई म्हणाल्या, ललित, तू संवाद प्रमुख, तू बोल. मी रोज वर जातो, आबा तुमची खुशाली विचारतात, चहा पाजतात, मी तो पिऊन (त्याने अडचण वाढतेच) खाली येतो. कामिनीताईंनी आणि मी ऑफिसात पाणी पिणं सोडलंय. तुम्ही आबांना एक फोन करावा.

ता. क. फोन सोमवारच्या आत करावा. सोमवारी सुंदरबाई आणि जिनमधल्या सगळ्या बाया आमचे आभार मानायला ऑफिसात येणार आहेत. सुंदरबाईने मुद्दाम कळवलंय की आता त्या सगळ्या घरून पोटभर पाणी पिऊन निघतात.