आकडा बरोबर होता

४ जून, मंगळवार
आज परत बायको कूस धरून बसली! डावी कूस, रोजचीच. म्हणे किडनी दुखते. गॅसवर दूध उतू गेलेलं. मी पातेलं उचललं आणि भिंतीवर मारलं. लेक दाराआड लपली. दहा तास लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या हाताळून घरी यायचं आणि हे बघायचं?
शेवटी मीच हिचं रक्त काढलं. उद्या स्वतः मशीनवर लावतो. होऊन जाऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष.

५ जून, बुधवार
क्रिएटिनिन ०.९. युरिया २४. तीनदा लावलं, तीनदा तेच. बावीस वर्षं किडनीचे आकडे काढतोय मी — आणि ही मला शिकवणार!
रिपोर्ट पुढ्यात आपटला. "किडनी ठणठणीत आहे. नाटकं बंद!" तर म्हणते, "कागदाला काय कळणार मला किती दुखतंय?" दिली एक कानाखाली. हात अजून झिणझिणतोय.

७ जून, शुक्रवार
दोनदा उलटी झाली तिला. विचारलं नाही.

८ जून, शनिवार
लॅबच्या डॉक्टर मॅडमना सहज सांगायला गेलो. वाटलं, शाबासकी देतील. सगळ्यांसमोर झापलं!
"अहो, किडन्या दोन असतात ना? डाव्या किडनीतून लघवी उतरणारी नळी खड्याने तुंबली, तरी उजवी एकटी सगळं रक्त साफ करते. आकडा छानच येणार. आणि तिकडे डावी फुगून मरते. त्या आकड्यावर विसंबून राहायचं नसतं. आजच सोनोग्राफी करा. बावीस वर्षांत एवढंही कळलं नाही?"
काउंटरवरची पोरगी फिसकन हसली. तळपायाची आग मस्तकात गेली.
घरी आलो तर ही फोनवर, भावाशी. "दादा, तू तरी मला दवाखान्यात ने रे." म्हणजे माझी अब्रू वेशीला टांगायची! फोन हिसकावला, फरशीवर फोडला. हिला ढकललं. ओट्याच्या कोपऱ्यावर उजव्या बाजूने आदळली. खाली पडल्यावर एक लाथ घातली.
छे, इथे खोटं कशाला लिहू? तीन घातल्या. त्याच बाजूला. बूट काढले नव्हते.
सोनोग्राफीचं सांगितलंच नाही.

९ जून, रविवार
सकाळी लघवी लालभडक. मग मोरीतच कोसळली. लेकीने शेजारच्या फोनवरून मामाला बोलावलं. मेहुणा आला, सरळ तोंडावर ठोसा. पुढचा दात हातात आला माझ्या. तिला उचलून गाडीत घातलं. लेक आपणहून तिच्या शेजारी जाऊन बसली.

१० जून, सोमवार
हॉस्पिटलच्या जिन्यात सर्जन भेटले. डावी नळी खड्याने तुंबलेली, कित्येक महिन्यांपासून. किडनीची नुसती पिशवी उरलीय. घरसंसार चालवत होती ती उजवी. ती फाटली होती. रक्त थांबेना, काढून टाकावी लागली.
"पोटात एवढा मार कशाने लागला?"
"पडली," मी म्हणालो.
"बुटाचे वळ आहेत," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.
म्हणजे मॅडम बरोबर. मशीनही बरोबर. आणि मी सगळं ऐकून, समजून, घरी येऊन नेमकी चालती किडनी तुडवली! भिंतीवर डोकं आपटलं. काही होत नाही त्याने.

११ जून, मंगळवार
पोलीस दारात आहेत.

१८ सप्टेंबर, बुधवार
जामिनावर बाहेर. घर रिकामं. ती भावाकडे. आठवड्यातून तीनदा सुई टोचून यंत्रावर रक्त धुतात. मेहुण्याला साखर, त्याची किडनी चालत नाही. तिच्या आईचं वय झालेलं. लेक अकरा वर्षांची.

६ नोव्हेंबर, बुधवार
कुणाला न सांगता माझ्या तपासण्या केल्या. या वेळी सोनोग्राफीसुद्धा! दोन्ही किडन्या उत्तम. रक्तगटही तिच्याशी जुळतो. कोर्टाने भेटायला बंदी घातलीय, म्हणून वकिलामार्फत निरोप पाठवला — एक घे. केस मागे घेऊ नकोस, माफ करू नकोस, फक्त किडनी घे. रडलो लिहिताना. आता ती वाचेल.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
वकिलाकडे तिचं उत्तर आलं. तिच्याच अक्षरात, एकच ओळ — "मरेन, पण त्याचं काही माझ्या अंगात नको."