आईच्या निळ्या काठाच्या व्हायोलेटची व्यवस्था

मी, अग्निया प्लातोनोव्ना कोर्झाविना, वय एकतीस, राहणार पेर्म, मापयंत्रं तपासणारी अभियंता. माझी बुद्धी शाबूत आहे आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही. सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. ती फसली, तर पुढीलप्रमाणे व्हावं.

१. फ्लॅट, बँकेतली शिल्लक आणि तापमापक धाकटा भाऊ मात्वेय याला. माझा घटस्फोटित नवरा काही मागायला आला, तर बाल्कनीतली बर्फावरची घसरगाडी त्याचीच आहे. घेऊन जावी.

२. खिडकीतली व्हायोलेटं ज्यांना हवी त्यांना. पाणी खालून, बशीत. हिवाळ्यात पान काचेला टेकू नये. मात्वेय म्हणतो, "पाणीच तर ओतायचंय, ताई!" म्हणून त्याला एकही देऊ नये.

३. निजायच्या खोलीतलं पांढरं, निळ्या काठाचं व्हायोलेट आईनं बी धरून वाढवलं. ते दुसरीकडे कुठेच नाही. ते समोरच्या फाइना मावशींकडे जावं.

आम्ही बोलत नाही. नवरा गेला त्या दिवशी त्या जिन्यात म्हणाल्या, "सांगितलं नव्हतं, पोरी? ही फुलं पुरुषाला घरात टिकू देत नाहीत!"

"मग तुमच्या खिडकीत कशाला?"

"माझ्याकडे आता पळवायला उरलंय कोण!"

सगळा जिना हसला. मी हसले नाही.

तरीही, आईनं रोप करायला हातानं दिलेली पानं लोकांकडे कुजली. मावशींनी आमच्याकडून चोरलेली सगळी रुजली. चोरलेलंच रुजतं, असं इथे मानतात. मी मानत नाही. पण रोप एकच आहे, प्रयोग करता येणार नाही. म्हणून ते त्यांना देऊ नये. मात्वेयनं त्यांना चहाला बोलवावं, कुंडी दाराजवळ स्टुलावर ठेवावी आणि स्वयंपाकघरात भांडी वाजवत बसावं. नंतर काही विचारू नये.

हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता सोमवारीच अमलात आणावं. मी रुग्णालयात असताना मात्वेय पाणी ओतेल.

४. मी घरी परतले, तर बाकी सगळं रद्द. कुंडी परत मागितली जाणार नाही. मी स्वतः मावशींकडे चहाला जाईन. त्यांनी स्वयंपाकघरात चहाला जरा वेळ लावावा.

साक्षीदार, दोघेही माझ्या प्रयोगशाळेतले: लीदिया झोतोवा, रुस्लान गाबितोव
सही: अ. प्ला. कोर्झाविना
पेर्म, १६ नोव्हेंबर २०१८