तुमच्या दादांची जीप दरीत जाते त्याबाबत

॥ श्री सप्तशृंगी प्रसन्न ॥

म्हसावद, ता. शहादा
तुळशीचं लग्न झालं त्यानंतरचा सोमवार

चि. सौ. सीमाबाईंना म्हसावदहून वहिनीचा आशीर्वाद, आणि जावईबापूंना दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचे गुडघे आता कसे आहेत? रुईची पानं गरम करून बांधता का? सुरतेत मिळत नसतील तर कळवा, आमच्या बांधावर हवी तेवढी आहेत आणि अजून तरी ती कोणी विकायला काढलेली नाहीत. इकडे आम्ही दोघं देवीच्या कृपेनं ठीक आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणाल तर माझ्या जिवाला घोर लागला आहे, आणि त्याचं कारण तुमच्या योगेंद्रनं इथे ठेवलेला तो गेमचा रिमोट. (रिमोट म्हटलं की तो चिडतो, "मामी, कंट्रोलर म्हण" असं सांगतो. पण ज्याच्यामुळे माझा कशावरच कंट्रोल राहिला नाही त्याला त्या नावानं हाक मारायला माझी जीभ वळत नाही.) तुम्ही म्हणाल, आजच्या काळात पत्र कशाला, फोन करायचा. पण तुमच्या दादांचा हात अडला असला तरी कान शाबूत आहेत. मी फोन घेऊन गोठ्यात गेले तरी त्यांना ऐकू जातं, आणि मागाहून म्हैस ऐकत होती असं मला सांगतात.

श्रावणात त्यांना लकवा झाला तेव्हा तुम्ही येऊन गेलात, सगळं डोळ्यांनी पाहिलंत. पाय सुटला, तोंड सरळ झालं, पण उजव्या हाताचा अंगठा काही जागा होईना. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. "मी काय धाकला पोऱ्या शे का?" म्हणून त्यांनी तो खिडकीतून फेकला. तो वासरानं चघळला, वासराचे जबडे तेवढे मजबूत झाले. मग गणपतीत योगेंद्र आला, त्यानं टीव्हीला तो रिमोट जोडला आणि डोंगराच्या रस्त्यावरून जीप चालवायला बसला. थेट तोरणमाळच्या घाटासारखा रस्ता, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. तुमचे दादा खाटेवरून बघत होते. भाचा वळणावर जीप जोरात नेतो हे त्यांना सहन होईना. "आरे, घाट शे तो! धीरे! धीरे ना रे!" असं ओरडत त्यांनी त्याच्या हातून रिमोट ओढून घेतला, उजव्या हातानं. मी भाकरी थापत होते. वळून बघते तर अंगठा हलतोय. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली. पीठ वाया गेल्याची हळहळ वाटली नाही अशी माझ्या संसारातली ती एकच भाकरी. (म्हशीला घातली, म्हणजे अगदीच वाया गेली नाही.)

योगेंद्र मोठ्या मनाचा, रिमोट इथेच ठेवून गेला. देवी त्याला चांगली नोकरी देवो. पण सीमाबाई, त्या वस्तूची बटणं कोणी बनवली त्याला एकदा आमच्या घरी जेवायला बोलवा, मला बोलायचं आहे. डावीकडचं बटण इतकं कडक की त्याच्या कडेनं तळहाताला फोड आला. आणि मागच्या बाजूचं, जीपला वेग द्यायचं, जे हे उजव्या अंगठ्यानंच दाबतात, ते इतकं हळवं की बोट नुसतं जवळ नेलं तरी जीप सुटते. यांचा अंगठा थरथरतो, बोटं थरथरतात. थरथरलं की वेग, वेग आला की वळण, वळण आलं की दरी. आता ज्या माणसानं उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या जोडून कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टर उलटा नेला आणि कधी कोणाच्या चाकाला चाक लागू दिलं नाही, त्या माणसाला रोज स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर बसून दरीत पडावं लागतं. त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे की टीव्हीतली जीप वर पोचत नाही तोवर आपण ट्रॅक्टरवर बसायचं नाही. ट्रॅक्टर पितांबर चालवतो, तो गडी चांगला आहे, पण अंगणातून ट्रॅक्टर निघाला की हे भिंतीकडे तोंड करून बसतात.

जीप वर पोचली त्या दिवशी उजव्या हातानं भाकरी मोडतात, मला दोन शब्द बोलतात, कापसाच्या वेचणीला किती बाया आल्या विचारतात. दरीत गेली त्या दिवशी डाव्या हातात चमचा, आणि घर मुकं. म्हणून माझी ही दशा. टीव्ही लागला की मी स्वयंपाकघरातून जप सुरू करते. सप्तशृंगीला अठरा हात आहेत, मी तिच्याकडे एक अंगठाच मागते. जास्त मागितलं असं तुम्हालाही वाटणार नाही. (प्रकाशा गावच्या केदारेश्वरालाही सांगून ठेवलं आहे, पण देवीला ते कळवलेलं नाही.)

आता दसऱ्याचं सांगते. खंडेनवमीला आपल्याकडे विळे, कोयते, तराजू, शिलाई मशीन सगळ्यांची पूजा होते हे तुम्हाला माहेरचंच ठाऊक आहे. ट्रॅक्टरला हार घातला. मग मनात आलं, ज्या औजारानं धन्याचा हात हलवला त्याला वगळायचं कसं? पाटावर विळ्याशेजारी रिमोट ठेवला. हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या. शेजारच्या धनुबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई वं, बाकीनासले निवद दिधा, हाऊ का उपाशी ऱ्हाई?" त्यांचं वय मोठं, शब्द मोडवेना. गुळाचा खडा त्या मागच्या बटणाच्या खाचेतच नीट बसला, जणू कारखान्यानं जागा करून ठेवली होती. वर मी पळीभर पंचामृत शिंपडलं. पूजा इतकी सुंदर दिसत होती की मी फोटोही काढला. तुम्हाला पाठवला होता, तुम्ही हात जोडल्याचं चित्र पाठवलंत, म्हणजे थोडी जबाबदारी तुमच्याकडेही येते.

दुसऱ्या दिवशी टीव्ही लावला. यांनी रिमोटला हात लावायच्या आत जीप सुटली. कोणी हाकत नाही, कोणी दाबत नाही, जीप आपली नाकासमोर दरीत. पुन्हा लावली, पुन्हा दरीत. तुमचे दादा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, देवीच चालवत असेल. ते म्हणाले, "मंग देवीले बी घाट येत नही का?" तेवढ्यात बटणाच्या फटीतून एक मुंगी बाहेर आली, तिच्यामागे दुसरी. पुढचं मी लिहीत नाही.

शहाद्याला एसटी स्टँडजवळ बशीरभाई मोबाइल दुरुस्त करतात. आपल्या घराशी जुना संबंध, त्यांचे वडील आपल्या सासऱ्यांचा रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी रिमोट उघडला, आतली हळद, कुंकू, गूळ आणि तांदळाचा एक दाणा टेबलावर काढून ठेवला आणि म्हणाले, "भाभी, हे मशीन शे का देव्हारा?" दुकानातली सगळी माणसं हसली. मी पदर तोंडाला लावून हसल्यासारखं केलं. त्यांनी ते मन लावून धुतलं, पुसलं, आतली कसलीशी स्प्रिंग बदलली, मजुरी घ्यायला तयार होईनात. मी बळेच दिली. (आता ती मजुरी मी औषधपाण्यात लिहावी, करमणुकीत लिहावी की देवधर्मात, हे अजून ठरलेलं नाही, त्यामुळे महिन्याचा हिशोब उघडाच पडला आहे.) पण बशीरभाईंनी बटण इतकं स्वच्छ केलं की ते पहिल्याहून हळवं झालं. आता पंख्याचा वारा लागला तरी जीप पुढे सरकते. ह्यांना खेळताना पंखा बंद करावा लागतो, आणि मग घाम आला म्हणून रिमोट हातातून निसटतो.

तेव्हा मी स्वतःच उपाय करायला घेतले. आधी बटणावर माझी टिकली चिकटवली, म्हणजे बोटाला जागा कळेल आणि जरा आड येईल. चांगला गुण आला. जीप दोनदा वर पोचली. पण टिकली उठून त्यांच्या बोटाला चिकटली, त्यांनी त्याच हातानं कपाळाचा घाम पुसला, आणि तसेच, कपाळाला लाल टिकली लावून, ते पितांबरला पाण्याच्या पाळीवरून रागवायला अंगणात गेले. पितांबरनं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. इतका आज्ञाधारक तो याआधी कधी दिसला नव्हता. धनुबाईंनी मात्र ओट्यावरून हाक मारली, "हेमकांतभाऊ, आज कोनता सन शे?" झालं. टिकली बंद.

मग कुकरचं जुनं रबर होतं. (फेकलं नव्हतं. तुम्ही मला यावरून हसता, पण बघा, कामाला आलं.) त्याची चकती कापून ते दुपारी झोपले असताना मी बटणाच्या खाली सरकवली, त्यांना न सांगता. मला वाटलं हळवेपणा जाईल. गेला, पण सगळाच गेला. संध्याकाळी ते दाबतात, दाबतात, जीप जागची हलत नाही. कपाळाच्या शिरा वर आल्या, हात पांढरा पडला. मी दारात उभी. शेवटी त्यांनी रिमोट हळूच खाटेवर ठेवला आणि म्हणाले, "परत गया. मन्हा अंगठा परत गया, वं." रागानं म्हणाले असते तर मला चाललं असतं. अगदी शांतपणे म्हणाले.

मी त्याच क्षणी सांगून टाकलं की अंगठा नाही गेला, कुकरचं रबर आहे. चकती काढून हातावर ठेवून दाखवली. मला वाटलं हसतील, निदान ओरडतील. त्यांनी चकती बघितली आणि विचारलं, "मंग जी वर पोची ती जीप कोन्ही चालाडी? मी, का तू?" मी शपथ घेऊन सांगितलं की तुम्हीच. ते म्हणाले, "आते कसं समजसू?" सीमाबाई, मी टिकल्या लावल्या, गूळ भरला, रबर घातलं, त्यांचं जिंकणं आणि हरणं दोन्ही माझ्या हाताला लागून विटाळलं. तेव्हापासून रिमोट फडताळात आहे. डाव्या हातातला चमचा सुटत नाही. डॉक्टर म्हणतात, हालचाल थांबली तर आखडत जाईल, मग हाती काही राहणार नाही. मी जेवते, झोपते, वेचणीच्या बायांना चहा देते, पण सगळं लक्ष त्या फडताळाकडे.

बाकी सर्व क्षेम. केळीला भाव बरा आहे. योगेंद्रला आशीर्वाद. पत्र लांबलं, रागावू नका.

तुमची वहिनी,
सौ. कामिनी

ता. क. – पत्र लिहिण्याचं कारण वर लिहायचं राहून गेलं. योगेंद्र म्हणत होता, सुरतेहून तुम्ही आणि म्हसावदहून आम्ही अशी शर्यत एकाच वेळी लावता येते, दोघांच्या जीपा एकाच घाटात दिसतात. तर तुम्ही त्याच्याकडून शिकून घ्या आणि दादांना आपणहून फोन करा. म्हणा, दादा, माझी जीप दरीत जाते, मला शिकव. मग खेळा आणि हरा. पण एकदम हरू नका, ते लगेच ओळखतील. तिसऱ्या वळणापर्यंत पुढे राहा, मग घसरा. गुडघे दुखत असताना हे सांगते, पण खेळायला गुडघे लागत नाहीत. आणि मी सांगितलं हे त्यांना कळता कामा नये. देवीची शपथ.

ता. क. दुसरा – घात झाला. पाकीट चिकटवायला भाताची खळ करायला गेले, तेवढ्यात त्यांनी पत्र वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. मी देवीचं नाव घेत उभी राहिले. त्यांनी फडताळ उघडून रिमोट काढला, खाटेवर आपटला, मग माझ्या हातातलं पेन ओढून घेतलं. मी म्हटलं तुम्ही सांगा, मी लिहिते. नको म्हणाले. खालच्या ओळी लिहायला एवढा वेळ लागला की खळ वाळली. त्यांनी श्रावणानंतर पेन धरलेलं नव्हतं. मी एकाही अक्षराला हात लावलेला नाही.

सीमा
तुन्ही वहिनीनं ऐकू नको. हारू नको. बराबर खेळ.
मी जिकसू.
दादा

ता. क. तिसरा – सीमाबाई, अक्षर लागलं नाही तरी हे शेवटचं पान फाडू नका, वाचून झालं की मला परत पाठवा. मागची बाजू कोरी आहे म्हणून मागत नाही.