आबासानसाठी आखलेले सात दिवस

आबा, तुम्हाला जिथे जायचं होतं तिथे मी जाऊन आले. त्यालाही आता इतकी वर्षं झाली की माझी स्वतःची नोकरीसुद्धा संपत आली. तुम्हाला हे तेव्हाच सांगावंसं वाटलं होतं, पण सांगणार कसं? धुळ्याच्या या दोन खोल्यांत मी एकटी. तुमच्याबद्दल जिच्याशी बोलता आलं असतं ती एकच बाई, आणि ती राहायची जपानात. मागच्या महिन्यात तिच्या भाचीचं कार्ड आलं. बाई गेल्या. म्हणून आज लिहायला बसले.

चौऱ्याऐंशी सालच्या थंडीत ती जळगाव स्टेशनवर उतरली तेव्हा मी नववीत होते. बाहेर सात-आठ टॅक्स्या उभ्या असायच्या, त्यातली एक ॲम्बेसेडर तुमची. परदेशी माणूस दिसला की बाकीचे ड्रायव्हर पुढे धावायचे, तुम्ही आपले गाडीला टेकून उभे. बहुतेक म्हणूनच ती तुमच्याकडे आली. निवृत्त झालेली शाळामास्तरीण, नवरा वारलेला, बरोबर कोणी नाही. लोक अजिंठा एका दिवसात उरकतात, हिने चार दिवस गाडी घेतली आणि चारही दिवस अजिंठाच. रविवारी तुम्ही मलाही बरोबर नेलंत. आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, घरी एकटीला ठेवायला तुमचं मन घेत नसे. ती आडव्या बुद्धमूर्तीपुढे उभी आहे. अर्धा तास होतो, तास होतो. मला भूक लागलीय, मी हाक मारणार तेवढ्यात तुम्ही माझा दंड धरता. ‘ती देखी ऱ्हायनी ना? मंग हाक मारू नको.’ एवढं दरडावून तुम्ही स्वतःच तिच्या मागे हात जोडून उभे राहता. घरातल्या बुद्धाच्या तसबिरीपुढेही तुम्हाला इतका वेळ उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

जायच्या दिवशी सकाळी तिने केळी भरलेल्या ट्रककडे बोट दाखवून विचारलं, ही येतात कुठून? तुम्ही तिला थेट फैजपूरला, ओळखीच्या शेतकऱ्याच्या बागेत घेऊन गेलात. तिथे बांधावर बसून तिने भरीत-भाकरी खाल्ली, तिखटाने नाक-डोळे पुसत हसत राहिली. मी तुम्हाला आबा म्हणते हे ऐकून तीही, त्यांच्याकडचं आदराचं ‘सान’ जोडून, आबासान म्हणायला लागली. पुढे दर दोन वर्षांनी ती यायची आणि स्टेशनबाहेर दुसऱ्या कुठल्या गाडीकडे बघायचीसुद्धा नाही.

मधल्या काळात पत्रं. तुम्हाला मोडकंतोडकं इंग्रजी बोलता यायचं, लिहिता यायचं नाही. ते काम माझं. तुम्ही खाटेवर मांडी घालून सांगायचात आणि सांगतच राहायचात. गिअरबॉक्स कसा उतरवला, अजिंठ्याच्या वाटेवर पहूरच्या पुढे काय दिसलं, शेजारची अक्का काय म्हणाली, आई स्वप्नात आली ती काय बोलली. मला दुसऱ्या दिवशीच्या पेपरची काळजी, शिवाय कंटाळाही. मी लिहायची: आम्ही मजेत आहोत. इथे ऊन फार आहे. तुमची तब्येत कशी आहे? पुन्हा या. तुम्ही विचारायचात, ‘बठ्ठं लिखं ना?’ मी म्हणायची, हो, सगळं. तुम्ही पाकिटाला स्वतः डिंक लावायचात.

नव्वद साली तिचं आमंत्रण आलं. तुम्ही मला तुमचा मुलूख दाखवलात, आता माझी पाळी. कुठली टूर कंपनी नाही, माणसांचा घोळका नाही, गाडी मी चालवीन. तुम्ही पासपोर्ट काढलात, त्यातला फोटो अक्काला दाखवून आलात. पण निघायचं म्हटलं की, ‘पोर नोकरीले लागू दे, मंग जासू.’ मी धुळ्याजवळ सोनगीरच्या शाळेत लागले. त्याच वर्षी स्टेशनबाहेर गाडी पुसता पुसता तुम्ही खाली बसलात ते उठलाच नाहीत. पासपोर्टवर एकही शिक्का नव्हता. मी तिला कळवलं, त्या वेळी मात्र चार ओळी पुरल्या. तिचं उत्तर तिकिटासकट आलं. कार्यक्रम तयार आहे, तू ये.

मे महिन्याच्या सुट्टीत मी गेले. ती अडुसष्ट वर्षांची, तिची गाडी छोटी, पांढरी. समुद्रकाठचं तिचं गाव, तिथे मला समजेल असं ती सोडून कोणी बोलत नव्हतं. पहिल्या संध्याकाळी तिने माझ्यापुढे वही ठेवली. वर लिहिलं होतं, आबासान, सात दिवस. त्यात तिने काही बदललं नव्हतं, आणि मीही बदल म्हटलं नाही. एक दिवस तिच्या ओळखीच्या मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये गेला. तेलकट हातांचा तो माणूस मला इंजिन उघडून दाखवत होता, मला त्यातलं काहीच कळत नव्हतं आणि आम्ही दोघं एकमेकांपुढे वाकत होतो. एक दिवस डोंगरातल्या बुद्धमंदिरात, नुसतं चटईवर बसायचं. एक अख्खी सकाळ समुद्रावर. वहीत त्यापुढे लिहिलं होतं, यांनी समुद्र पाहिलेला नाही. मला हे माहीत नव्हतं, आबा. ‘दुसऱ्याने गाडी चालवावी आणि आपण शेजारी बसून झोपावं’ हेही तुम्ही तिला सांगितलं होतंत. मला का नाही सांगितलंत? की सांगितलं होतंत, आणि मी ऐकलं नाही?

समुद्रावरून परतताना तिने डॅशबोर्डखालून आपण पाठवलेली पत्रं काढली, रबर लावलेली. म्हणाली, ‘आबासान गाडीत खूप बोलायचे. पत्रात मात्र इतके थोडे. लिहिताना लाजायचे का?’ मी म्हटलं, ‘नाही. ते सगळं सांगायचे. मीच लिहीत नव्हते.’ तिने गाडी रस्त्याकडेला घेतली. मला वाटलं, आता रागावेल. तिने एवढंच विचारलं, ‘मग उरलेल्यात काय होतं?’ मी आठवायला लागले. गिअरबॉक्स आठवला, अक्का आठवली. आई स्वप्नात येऊन काय बोलली ते काही केल्या आठवेना. मग तिने गाडी सुरू केली.

सहाव्या दिवशी वहीत गावचा न्हावी होता. गरम टॉवेल आणि दाढी. अजिंठ्याहून परतताना धुळीने भरलेला चेहरा पुसत तुम्ही एकदा म्हणाला होतात म्हणे, कुणीतरी आपली दाढी करून द्यावी यासारखं सुख नाही. न्हावी म्हातारा, पांढऱ्या डगल्यात दारात उभा. गिऱ्हाईक म्हणून पोरगी येणार हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो गोंधळला, ती गोंधळली, मीही. मग त्यानेच खुर्ची झटकली. आमच्याकडे बायकाही चेहऱ्यावरून वस्तरा फिरवून घेतात, तिने मला समजावलं. मी बसले. त्याने खुर्ची मागे केली आणि वाफाळलेला टॉवेल माझ्या चेहऱ्यावर ठेवला, दोन्ही हातांनी हलकेच दाबला. आत अंधार, ऊब आणि साबणाचा वास. तिथे मी रडले. आवाज न करता, पुष्कळ वेळ. त्याला कळलं असणार, कारण पहिला टॉवेल गार झाल्यावर त्याने दुसरा ठेवला, आणि मग तिसरा.

हे पत्र मी घडी करून ठेवते आहे. त्याला पत्ता नाही. एकच सांगायचं उरलं. तुम्ही गेलात तेव्हा घरात इतकी माणसं होती, सगळ्यांना चहा, उतरायची सोय, मी उभीच होते. सगळे म्हणाले, पोरगी धीराची. तसं नव्हतं, आबा. मला रडू आलंच नव्हतं.