केळ्याच्या पत्रकातली राहिलेली ओळ

१२ फेब्रुवारी

प्रिय ढमे,

आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत आहोत, तुम्हीही तिघं तसेच असाल. जावईबापूंची बढती झाल्याचं कळलं, त्यांना माझ्याकडून शाबासकी दे. नातीने काढलेला हत्ती पोचला. तुझी आई म्हणते तो हत्ती नाही, मी आहे. असो.

तुमच्या दवाखान्यात पेशंटना वाटायला फळांची पत्रकं काढताय, आणि केळ्याचं पत्रक बाबांना विचारून लिहायचं असं तू ठरवलंस, हे वाचून छाती दीड वीत फुगली. फोनवर सांगा म्हणालीस. पण फोनवर तू मधेमधे बोलतेस आणि आवाजावरून भलतंच काहीतरी ओळखत बसतेस. त्यापेक्षा कागद बरा.

जीवनसत्त्वं वगैरे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतात. मी आपलं केळ्यांच्या वखारीच्या खिडकीवर गिऱ्हाईक काय विचारतं ते सांगतो. पहिला प्रश्न, काळे ठिपके पडलेलं केळं सडलं का? नाही. ते पूर्ण पिकलं. म्हाताऱ्या माणसाला, दात नसलेल्याला, तापातून उठलेल्याला तेच द्यावं, पचायला हलकं. किंचित हिरवट देठाचं घ्यावं ते दिवसभर राबणाऱ्याने. पोटात दम धरून राहतं. साखरेच्या पेशंटने ठिपकेवाल्याच्या वाटेला जाऊ नये आणि खायचंच तर अर्धं खावं, हे तू ठळक अक्षरात घाल, कारण ही मंडळी "आज एकच" म्हणत फणी उचलतात. सकाळी पोट साफ होत नाही म्हणणारे तर माझ्याकडे डॉक्टरकडे गेल्यासारखे येतात, आणि सगळं सविस्तर सांगतात, नको म्हटलं तरी.

रक्तदाबाला चांगलं, हेही लिही. त्यातल्या पोटॅशियममुळे, असं तूच मला एकदा सांगितलं होतंस. मी ते दिसेल त्याला सांगत सुटलो होतो. गरिबाला परवडतं, धुवावं लागत नाही, सोलायला सुरी लागत नाही. लहान मूल आपलं आपण खाऊ शकतं. तू तर सालीसकट खायचीस.

आणि शेवटी एक ओळ घाल. किडनीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. ती राहू देऊ नकोस. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. जन्म केळ्यांत गेला. घोट्यांना सूज यायची, तोंडाची चव गेली होती, तर म्हणायचे वय झालं. भूक लागली की केळं, थकवा आला की केळं. एक दिवस कामावर छातीत कसंतरीच धडधडायला लागलं आणि पायांचा कापूस झाला. क्रेटला धरून खाली बसले. रक्त तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, किडन्या दमल्यात, पोटॅशियम बाहेर टाकता येत नाहीये, ते हृदयाला भोवलं असतं. ज्याचे गोडवे गायले तेच. आता त्यांची बायको बटाटेसुद्धा भरपूर पाण्यात उकळते आणि पाणी फेकून देते. बिचारा माणूस, पाणीही मापून पितो. त्याने मला विचारायला सांगितलंय, पिकलेलं नाही तर निदान कच्चं चालेल का? सवडीने कळव. घाई नाही.

सुट्टीत येऊ म्हणतेस, तर यंदा नको. भिंतींचा रंग काढलाय, घरभर पसारा आहे.

तुझे,
बाबा


२० फेब्रुवारी

बाबा,

नमस्कार. पत्रकात तुमचा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा घेतलाय. पोट साफ होण्याचा भाग तेवढा सभ्य केला.

तुमच्या ओळखीच्या त्या गृहस्थांना सांगा, कच्चंही चालत नाही. आणि हेही सांगा, की पाणी मापून पिणाऱ्या आणि क्रेटला धरून खाली बसणाऱ्या माणसाची गोष्ट वाचल्यावर त्यांच्या मुलीने आईला फोन केला. आई आधी म्हणाली, "रंगवाले आलेत, नंतर बोलते." मी विचारलं, "कोणता रंग देताय?" तर आईला सांगता येईना. मग ती रडायला लागली.

बाबा, मी रोज अशाच माणसांसमोर बसते. त्यांच्या मुलांना मी विचारते, "इतके महिने तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" जरा चढ्या आवाजातच विचारते. आजपासून नाही विचारणार.

माझा रक्तगट तुमचाच आहे. घरी बोलले आहे, इथल्या डॉक्टरांशीही. तपासण्या सुरू करते. एका किडनीवर माणूस नीट जगतो, हे मी इतरांना समजावते, तर मला कुणी समजावायची गरज नाही. नाही म्हणू नका. म्हणालात तर तिथे येऊन भांडेन, आणि भांडणात मी आईवर गेलेय.

तुमची,
ढमी


३ मार्च

प्रिय ढमे,

आशीर्वाद. चोर पकडलास. रंगवाल्यांची युक्ती माझी होती. रंग कोणता ते आईला सांगून ठेवायला विसरलो.

तू घाबरशील म्हणून लपवलं, असं समजू नकोस. तू घाबरणार नाहीस, तू सरळ उठून किडनी द्यायला निघशील, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून लपवलं. तुझी लेक अजून हत्ती आणि आजोबा यांच्यात फरक करू शकत नाही. तिच्या आईला टेबलावर झोपवून मी चार वर्षं जास्त जगायची, हे माझ्या गळी उतरत नव्हतं. अजूनही उतरत नाही.

तुझं पत्र आईने मोठ्याने वाचलं. मी म्हणालो, "ती देणार नाही."

"बरोबर," आई म्हणाली. "मी देणार आहे."

मला वाटलं बोलण्यात बोलणं. पण दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून ही गेला महिनाभर हॉस्पिटलात तपासण्या करत होती! रक्तगट जुळतो, बाकीचंही जुळलंय, डॉक्टर हो म्हणालेत. आणि मी रोज हिला विचारत होतो, "दाढ कशी आहे?"

"मला विचारायचं तरी," मी म्हणालो.

"तुम्ही मला विचारलं होतं, सूज मोज्यात लपवताना?"

"अगं, तुझं वय..."

"माझं वय डॉक्टर बघतील. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो आपलंच खरं. जेवून घ्या."

जेवलो नाही. दोन दिवस बोललोही नाही. कामावर जायची परवानगी नाही, तरी जाऊन केळी पिकवायच्या खोलीबाहेर पायरीवर बसलो. आतून तो गोड वास येत होता. बायको नवऱ्यासाठी राबते हे मी धरूनच चाललो होतो, त्याचं कधी ओझं वाटलं नाही. हे मात्र झेपेना. मग वाटलं, उलट असतं तर? तिच्या किडन्या गेल्या असत्या आणि ती मला नको म्हणाली असती, तर मी तिला सोडलं असतं का? दाढेचं निमित्त मीही केलं असतं. मला देता येतं, ढमे. जन्मभर खिडकीत बसून "हे खा, बरं वाटेल" म्हणत आलोय. घ्यायची वेळ आली की मात्र मी तोंड फिरवतो, आणि त्याला माया समजतो. ती माया नव्हे, तो ताठा.

घरी आलो आणि हिला म्हणालो, "बरं."

"काय बरं?"

"दे."

तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्यापुढे ते पाणी फेकून केलेले बटाटे वाढले. चव शून्य. सगळे संपवले.

पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरलंय. शंभर टक्के कुणीच सांगत नाही, पण डॉक्टरांचा चेहरा बरा होता. तू तपासण्या थांबव. ही विनंती नाही, बापाचा हुकूम आहे.

तू मात्र ये. पण माझ्यासाठी येऊ नकोस. माझ्याभोवती नर्स, डॉक्टर, नळ्या सगळे असतील, मी आजारी माणूस, माझे लाड होतील. आई तर धडधाकट जाणार आणि दुखणं घेऊन बाहेर येणार. तिला वेगळ्या मजल्यावर ठेवतात. इतक्या वर्षांत तिला दुखलं आणि मी खोलीत नाही, असं झालेलं नाही. ती शुद्धीवर येताना तू तिच्याजवळ बस. ती म्हणेल, "मला काही होत नाहीये, तू बाबांकडे जा." जाऊ नकोस. हात सोडू नकोस.

तुझे,
बाबा,
आणि पुढच्या महिन्यापासून थोडीशी आईसुद्धा